फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीने स्नायूतला मायटोकॉन्ड्रियाचा दोष दाखवता येतो का, आणि बायोप्सी टळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यूरॉलॉजीत डी.एम. करत आहात. ओपीडीत असे तरुण रुग्ण येतात की दोन जिने चढले की त्यांच्या पोटऱ्या भरून येतात, सीपीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) थोडे वाढलेले असते, ईएमजी (स्नायूचा विद्युत आलेख) जवळजवळ नॉर्मल येतो आणि बायोप्सीचे (स्नायूचा तुकडा काढून तपासण्याचे) नाव काढले की घरचे मागे सरतात. रुग्णालयात ३ टेस्लाचे एमआरआय यंत्र आहे आणि त्यावर ‘स्पेक्ट्रोस्कोपी’ आहे असे रेडिऑलॉजीचे लोक सांगतात. तेव्हा पोटरीची स्पेक्ट्रोस्कोपी (ऊतीतल्या रेणूंचे संदेश वेगवेगळ्या शिखरांत मांडणारी तपासणी) करून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचा) दोष दाखवता येईल का, त्यावर प्रबंध उभा राहील का आणि बायोप्सी टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी एमआर भौतिकीच्या बाजूने हे काम करतो. रुग्णाचे निदान हा तुमचा प्रांत आहे, त्यामुळे त्या बाबतीत मी हात राखूनच लिहीन.

दोष दाखवता येतो, पण तो बहुधा रुग्णांच्या गटात; एकेका रुग्णात क्वचितच ठामपणे. प्रबंध उभा राहतो. बायोप्सी मात्र बहुतेकांची टळत नाही. यामागचा मूळ प्रश्न असा की ही तपासणी नेमके काय मोजते, आणि जे मोजते ते तुमच्या शंकेचे उत्तर आहे का. तो सुटला की बाकीचे तपशील आपोआप जागेवर येतात.

आधी यंत्राचे बघा, कारण तिथेच अनेकांचा बेत अडतो. रुग्णालयातल्या यंत्रावरची ‘स्पेक्ट्रोस्कोपी’ म्हणजे जवळजवळ नेहमीच प्रोटॉनची (हायड्रोजनच्या अणुकेंद्राची), मेंदूतल्या गाठींसाठी घेतलेली. ३ टेस्लाला प्रोटॉनचा सूर सुमारे १२७.७ मेगाहर्ट्झवर असतो आणि फॉस्फरसचा सुमारे ५१.७ वर. ही दुसरी वारंवारता ऐकायची तर निराळा ब्रॉडबँड अॅम्प्लिफायर, फॉस्फरसची कॉइल आणि कंपनीकडून उघडून घ्यावा लागणारा ‘मल्टिन्यूक्लिअर’ पर्याय लागतो. तो नसेल तर निव्वळ सॉफ्टवेअरने काही होत नाही. म्हणून सर्वांत आधी यंत्राच्या खरेदीचे कागद पाहा. टेक्निशियनच्या तोंडी माहितीवर प्रबंधाचा आराखडा सादर करू नका. कॉइल घेणारच असाल तर प्रोटॉन आणि फॉस्फरस दोन्ही ऐकणारी घ्या, कारण स्नायूची जागा ठरवणे आणि शिमिंग करणे (चुंबकीय क्षेत्र एकसारखे करणे) ही दोन्ही कामे प्रोटॉनच्या संदेशावर होतात.

प्रोटॉन स्पेक्ट्रोस्कोपीने स्नायूत काहीच दिसत नाही असे नाही. पेशीच्या आतली चरबी आणि पेशींमधली चरबी यांची शिखरे सुमारे १.३ आणि १.५ पीपीएमवर (पीपीएम हे स्पेक्ट्रममधली जागा सांगणारे एकक) वेगळी पडतात, आणि मधुमेह व इन्सुलिन-प्रतिरोध यांच्या अभ्यासात त्याचा भरपूर उपयोग झाला आहे. ड्यूशेन डिस्ट्रॉफीत (स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात) स्नायूची जागा चरबी किती वेगाने घेते, हेही प्रोटॉननेच उत्तम मोजले जाते. तुमचा प्रश्न मात्र ऊर्जानिर्मितीचा आहे, आणि त्यासाठी फॉस्फरसच हवा.

फॉस्फरस-३१ हा निसर्गात शंभर टक्के आढळणारा समस्थानिक आहे, त्यामुळे रुग्णाला काही टोचावे लागत नाही. पोटरीचा स्पेक्ट्रम घेतला की मध्यभागी फॉस्फोक्रिएटिनचे (स्नायूतल्या ऊर्जेच्या राखीव साठ्याचे) उंच शिखर दिसते, एका बाजूला एटीपीच्या (पेशी थेट खर्चते त्या ऊर्जा-रेणूच्या) तीन फॉस्फेटांची तीन शिखरे आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ४.९ पीपीएमवर अजैविक फॉस्फेटचे बुटके शिखर. ऑक्सफर्डमध्ये जॉर्ज राड्डा यांच्या गटाने १९७४ मध्ये उंदराच्या पायाच्या अखंड स्नायूत हे प्रथम दाखवले. १९८० मध्ये पृष्ठभागावर ठेवायची कॉइल आली, तेव्हा कातडी न उघडता जिवंत स्नायू तपासता येऊ लागला, आणि १९८१ मध्ये याच गटाने मॅकआर्डल रोगाच्या (स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, न फुटण्याच्या आजाराच्या) रुग्णाचा हात तपासून प्रसिद्ध केला. म्हणजे स्नायूच्या आजारासाठी हे तंत्र आजच्या रोजच्या एमआरआयइतकेच जुने आहे. ते रोजच्या वापरात का आले नाही याचे कारण पुढे येईलच.

अजैविक फॉस्फेटच्या शिखराची उंची जितकी महत्त्वाची, त्याहून त्याची जागा महत्त्वाची. पेशीतली आम्लता वाढली की ते शिखर फॉस्फोक्रिएटिनकडे सरकते. ४.९ पीपीएम म्हणजे पीएच सुमारे ७.०५, तेच शिखर ४.१ वर आले की पीएच ६.५ च्या आसपास उतरला असे समजावे. सुई न खुपसता जिवंत पेशीच्या आतला पीएच असा थेट वाचता येणे ही या तंत्राची सर्वांत मोठी कमाई आहे असे माझे मत आहे, आणि नवखे अभ्यासक नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात.

आता मुख्य मुद्दा. विश्रांतीतला स्पेक्ट्रम तुम्हाला फार काही सांगणार नाही. निरोगी स्नायूत फॉस्फोक्रिएटिन साधारण ३३ मिलिमोल आणि एटीपी ८ मिलिमोलच्या थोडे वर असते, आणि क्रिएटिन कायनेज हे विकर पहिले खर्चून दुसरे स्थिर राखत असते. त्यामुळे एटीपी बघून रोग कळत नाही. एटीपी जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात विश्रांतीतही फॉस्फेट थोडे वाढलेले आणि फॉस्फोक्रिएटिन थोडे घटलेले सापडते हे खरे, पण ड्यूशेनमध्येही तसेच सापडते आणि इतर आजारांतही. शिवाय हे आकडे मिलिमोलमध्ये मांडताना बहुतेक जण एटीपी ८.२ गृहीत धरून बाकीचे त्याच्या पटीत काढतात. आजारानेच एटीपी कमी केले असेल तर हे गृहीतक कोसळते आणि ते कोसळले हे स्पेक्ट्रममध्ये कुठेही दिसत नाही. एडीपी (एटीपी खर्चल्यावर उरणारा रेणू) तर दिसतच नाही, ते मायक्रोमोलमध्ये असते. क्रिएटिन कायनेजच्या समतोलावरून आणि एकूण क्रिएटिन ४२.५ मिलिमोल आहे असे मानून ते काढले जाते. शोधनिबंधात छापलेला एडीपीचा आकडा वाचताना हे ध्यानात असू द्या.

खरी मोजणी व्यायामानंतर होते. रुग्ण उताणा झोपतो, कॉइल पोटरीखाली, पाऊल एका पेडलवर आवळून बांधलेले. पेडल लाकूड, प्लॅस्टिक आणि रबराच्या पट्ट्यांचे, लोखंडाचा खिळासुद्धा नको. दोन-तीन मिनिटे ठरलेल्या तालावर पाऊल दाबायचे, मग पूर्ण थांबायचे आणि निदान पाच मिनिटे तसेच पडून राहायचे. व्यायामात फॉस्फोक्रिएटिन उतरते. थांबल्यावर ते पुन्हा भरते, आणि ही भरपाई जवळजवळ पूर्णपणे मायटोकॉन्ड्रियाने केलेल्या एटीपीवर चालते. याचा पुरावा कुणालाही यंत्रातच बघता येतो: व्यायाम संपायच्या क्षणी मांडीवरचा कफ फुगवून रक्तपुरवठा थांबवला, तर फॉस्फोक्रिएटिन जिथल्या तिथे थांबून राहते, तसूभरही चढत नाही, कफ सोडला की लगेच चढू लागते. विद्यार्थ्यांना मी शिकवताना व्याख्यान न देता आधी हा प्रयोगच दाखवतो.

भरपाईचा वेग एका कालस्थिरांकात (सुमारे दोन तृतीयांश भरपाईला लागणाऱ्या वेळात) मांडतात. निरोगी, व्यायामाची सवय नसलेल्या तरुणात तो साधारण ३० ते ४० सेकंद असतो, कसलेल्या धावपटूंत त्याहून बराच कमी. समजा व्यायामाअखेर फॉस्फोक्रिएटिन ३३ वरून २० मिलिमोलवर आले आणि कालस्थिरांक ३५ सेकंद निघाला, तर सुरुवातीचा वेग १३ भागिले ३५, म्हणजे मिनिटाला सुमारे २२ मिलिमोल. रुग्णात तोच कालस्थिरांक ७० असेल तर वेग निम्म्यावर आला. या मोजमापाचे सौंदर्य असे की रुग्णाने किती जोर लावला, स्नायू केवढा आहे, यावर ते फारसे अवलंबून नाही, कारण आपण दमण्याचा नव्हे तर दम भरून येण्याचा वेळ मोजतो आहोत. अशक्त रुग्णाला हेच सोयीचे पडते.

मात्र यात एक अट आहे आणि ती मोडली की सगळे मुसळ केरात. स्नायू फार आम्ल होता कामा नये. पीएच घसरला की क्रिएटिन कायनेजचा समतोलच सरकतो आणि मायटोकॉन्ड्रिया ठणठणीत असतानाही भरपाई मंद दिसते. म्हणून व्यायाम इतकाच द्यायचा की फॉस्फोक्रिएटिन एक तृतीयांश ते निम्मे उतरावे आणि पीएच ६.८ च्या खाली जाऊ नये. ‘दमेपर्यंत करा’ असा आदेश देऊन घेतलेले आकडे मला कोणी आणून दाखवले, तर मी आधी शेवटचा पीएच विचारतो. तो नसेल तर कालस्थिरांकाकडे बघण्यात अर्थ नाही.

आता अट पाळली आणि तरीही भरपाई मंद निघाली असे धरा. तेवढ्यावरून मायटोकॉन्ड्रिया दोषी ठरत नाही. ऑक्सिजन पोहोचत नसेल तरी भरपाई रेंगाळते. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णात अगदी हेच दिसते आणि त्याच्या मायटोकॉन्ड्रियाचा मूळ दोष असेलच असे नाही. दीर्घकाळच्या हृदयविकारात स्नायूची स्वतःचीही घडण बदललेली असते. आणि सर्वांत सर्रास आढळणारे कारण म्हणजे निव्वळ हालचाल नसणे. पोटऱ्या दुखतात म्हणून चार वर्षे घराबाहेर न पडलेल्या माणसाचा स्नायू मंद भरणारच. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एका मोजणीने उलगडत नाही. तुम्ही प्रबंधात निरोगी गट म्हणून वसतिगृहातले, रोज बॅडमिंटन खेळणारे निवासी डॉक्टर घेतलेत (सगळे तेच करतात, कारण ते रात्री अकरालाही हाताशी असतात), तर तुमचा प्रबंध मायटोकॉन्ड्रिया आणि आजार यांचा न राहता बॅडमिंटनचा होईल. वय आणि लिंग जुळवणे पुरेसे नाही, रोजची हालचालही जुळवावी लागते. यासाठी आठवडाभर पायाला किंवा कमरेला चालणे मोजणारे साधे उपकरण लावून ठेवा.

याच्या उलट, ज्या आजारांत एकच स्पेक्ट्रममालिका निदानाच्या अगदी जवळ नेते असेही काही आहेत, आणि ते स्नायूतल्या ग्लायकोजेनच्या वाटेचे आहेत. तुमच्या यादीत पोटऱ्या भरून येणारे तरुण आहेत म्हणून सांगतो. कोणत्याही निरोगी माणसात व्यायामाच्या पहिल्या काही सेकंदांत पीएच किंचित वर जातो, कारण फॉस्फोक्रिएटिन मोडताना हायड्रोजन आयन वापरले जातात. मग लॅक्टेट तयार होऊ लागते आणि पीएच खाली येतो. मॅकआर्डलच्या रुग्णात ग्लायकोजेन फुटतच नाही, लॅक्टेट बनत नाही, आणि सुरुवातीचा तो चढ उतरतच नाही. फॉस्फोक्रिएटिन झपाट्याने संपत आलेले, फॉस्फेटचे शिखर उंच झालेले, पण जागचे हललेले नाही किंवा उलट दिशेला सरकलेले: हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजच्या कमतरतेतही पीएच उतरत नाही, पण तिथे अडलेल्या साखर-फॉस्फेटांचे एक वेगळे शिखर अजैविक फॉस्फेटच्या पलीकडे, ७ पीपीएमच्या आसपास, वाढत जाते. साखळी कुठे तुटली आहे हे स्पेक्ट्रम जवळजवळ बोट ठेवून दाखवतो.

या रुग्णांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो, तुम्हाला ठाऊक असेल तरी. त्यांना जोराचा व्यायाम देऊन स्नायू फुटण्याचा धोका खरा आहे, आणि दंडावर कफ बांधून केली जाणारी जुनी अग्रबाहू चाचणी म्हणूनच मागे पडली. कफ न बांधता मूठ आवळण्याची चाचणी आणि तिच्यात लॅक्टेट व अमोनियाचे नमुने, एवढे तुमच्या वॉर्डातच होते. ज्याच्यात अमोनिया चढते पण लॅक्टेट हलत नाही, त्याला मॅग्नेटमध्ये नेण्याआधी जनुकीय तपासणीला पाठवा. महागडे तंत्र हाताशी आहे म्हणून स्वस्त चाचणी गाळू नये, असे या क्षेत्रात राहूनही माझे मत आहे. मांडीवर कफ फुगवायचा प्रयोगही निरोगी स्वयंसेवकांपुरताच ठेवा.

मायटोकॉन्ड्रियाच्या सिद्ध रुग्णांत काय सापडते? भरपाई मंद, विश्रांतीत एडीपी वाढलेले, आणि विचित्र गोष्ट म्हणजे पीएच अनेकदा अपेक्षेइतका घसरत नाही, कारण आम्ल पेशीबाहेर काढण्याची त्यांच्या स्नायूची क्षमता वाढलेली असते. पण हे प्रत्येकात सापडत नाही. केवळ पापण्या आणि डोळ्यांच्या हालचाली बाधित असलेल्या रुग्णाची पोटरी अगदी नॉर्मल निघू शकते, कारण दोषी डीएनएचे प्रमाण स्नायूस्नायूंत वेगळे असते. म्हणून नॉर्मल स्पेक्ट्रमने आजार नाकारता येत नाही, आणि मंद भरपाईने तो सिद्ध होत नाही. या दोन वाक्यांमुळेच हे तंत्र चाळीस वर्षांनंतरही मुख्यतः संशोधनात राहिले आहे.

ते खरोखर उपयोगी पडते ते एकाच रुग्णाची त्याच्या स्वतःशी तुलना करताना. १९८४ मध्ये जैवभौतिकशास्त्रज्ञ ब्रिटन चान्स यांच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, श्वसनसाखळीतल्या तिसऱ्या संकुलाचा दोष असलेल्या एका रुग्णाला के-३ आणि सी ही जीवनसत्त्वे दिल्यावर भरपाईचा वेग सुधारलेला दिसला होता. तीच पोटरी, तेच पेडल, तोच व्यायाम, औषधाआधी आणि औषधानंतर: या आखणीत रक्तवाहिन्या, वय, शरीराची ठेवण हे सगळे बाजूला पडते. सीओक्यू-१० (श्वसनसाखळीला पूरक म्हणून दिले जाणारे द्रव्य) किंवा नियमित देखरेखीखालचा व्यायाम यांसारख्या उपचाराचा परिणाम पाहायचा असेल, तर तुमच्या प्रबंधासाठी मी हीच दिशा सुचवीन. निदानाची संवेदनशीलता काढायला जेवढे सिद्ध रुग्ण लागतात तेवढे डी.एम.च्या तीन वर्षांत मिळणे कठीण आहे.

बायोप्सीबद्दल तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, तरी एक मुद्दा. स्पेक्ट्रम कार्य सांगतो, कारण सांगत नाही. प्रौढांमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला एकच मोठा तुकडा गळाल्याचा दोष रक्तात बऱ्याचदा सापडत नाही, तो स्नायूतच शोधावा लागतो. ३२४३ या जागेवरचा सुप्रसिद्ध बदलही वयानुसार रक्तात विरळ होत जातो आणि तिथे लघवीचा नमुना अधिक भरवशाचा ठरतो. तेव्हा घरच्यांची समजूत घालताना आधी रक्त आणि लघवीची जनुकीय तपासणी, मग गरज उरली तर बायोप्सी, असा क्रम सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते. स्पेक्ट्रोस्कोपी या क्रमात फार तर बायोप्सी कोणाची आधी करावी हे ठरवायला मदत करील.

प्रत्यक्ष मोजणीतल्या काही अडचणी. फॉस्फोक्रिएटिनचा टी-१ (एकदा ऐकल्यावर संदेश पुन्हा सावरण्याचा कालस्थिरांक) हा ३ टेस्लाला ६ ते ७ सेकंद असतो. तुम्ही दर दोन सेकंदांनी संदेश घेणार असाल तर तो दबलेला मिळणार, आणि एटीपी व फॉस्फेट वेगळ्या प्रमाणात दबणार. म्हणून त्याच कॉइलने, त्याच स्नायूत एकदा पूर्ण विश्रांतीचा, वीस-तीस सेकंदांच्या अंतराचा स्पेक्ट्रम घेऊन दुरुस्तीचा गुणक काढून ठेवा. गुडघा सरळ असताना पोटरीचा वरचा, जुळा स्नायू काम करतो आणि वाकवला की काम आतल्या सोलियसकडे जाते. साधी पृष्ठभाग-कॉइल दोघांचेही मिसळून ऐकते. काम करणारा आणि न करणारा स्नायू एकत्र ऐकू आले की फॉस्फेटचे शिखर दुभंगते. ते दुभंगले असताना मधला सरासरी पीएच काढणारे लोक आहेत. तुम्ही तसे करू नका, दोन्ही शिखरे वेगळी बसवा. शिखरे बसवायला जेएमआरयूआय हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, एटीपीच्या जोडशिखरांमधले अंतर मात्र आधीच ठरवून द्या.

आणि एटीपीवर कायम नजर ठेवा. व्यायाम सुरू होताच फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी दोन्ही एकदम एकाच प्रमाणात पडले, तर रुग्णाचा स्नायू नाही, तुमची कॉइल सरकली आहे. बहुतेक वेळा टाचेजवळचा पट्टा सैल असतो. हे त्याच वेळी पडद्यावर पाहिले तर पट्टा आवळून पुन्हा सुरुवात करता येते. रुग्ण घरी गेल्यावर समजले तर दिवस गेला.

यंत्रात फॉस्फरसची सोय नसेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जिथे ती आहे अशा ठिकाणी सहकार्य मागणे. दिल्लीच्या एम्समध्ये स्वतंत्र एनएमआर विभाग आहे आणि स्नायूच्या आजारांवर तिथे काम झालेले आहे. दुसरी वाट जवळ-अवरक्त प्रकाशाची. त्वचेवर छोटा संवेदक चिकटवून, व्यायामानंतर कफ थोडा-थोडा वेळ फुगवून सोडत राहिले की स्नायूचा ऑक्सिजन-वापर किती वेगाने मूळ पातळीवर येतो ते मोजता येते, आणि निरोगी व्यक्तींत ते फॉस्फोक्रिएटिनच्या भरपाईशी चांगले जुळते. त्वचेखालची चरबी जाड असली की मात्र तो प्रकाश स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही. क्रिएटिनचाच नकाशा प्रोटॉनच्या संदेशातून काढणारी सीईएसटी नावाची पद्धतही आहे; तिला जादा यंत्रसामग्री लागत नाही, पण तिचे उत्तम निकाल ७ टेस्लाचे आहेत आणि ३ टेस्लाला तिचा संदेश फार क्षीण असतो. प्रबंधाची मुदत डोक्यावर असताना तिच्या नादी लागू नका.

सुरुवात करायचीच असेल तर पहिले दोन महिने एकही रुग्ण घेऊ नका. दहा-बारा निरोगी व्यक्ती, प्रत्येकाची आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजणी, आणि दोन आकड्यांत किती फरक पडतो याचा तक्ता करा. तुमच्या हातात, तुमच्या पेडलवर हा फरक किती आहे हे कळल्याशिवाय रुग्णांची संख्या किती लागेल याचे गणित मांडताच येत नाही, आणि नैतिकता समितीही ते विचारतेच. त्या तक्त्यात प्रत्येक कालस्थिरांकाशेजारी फॉस्फोक्रिएटिन किती टक्के उतरले आणि शेवटचा पीएच किती होता हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रबंध लिहिताना ते मागाहून काढायला बसलात तर अर्धे स्पेक्ट्रम पुन्हा बसवावे लागतील.